छत्तिसाव्या पानावरचे तीन टाके

परवा शिवाजी पुलावर माझ्या स्कूटीपुढं दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर आला आणि मी आपसूक ब्रेक दाबला. ट्रॅक्टरवर कान किटवणारं गाणं, रस्ताभर सांडलेलं पाचट, आणि नदीपलीकडच्या कुठल्याशा गुऱ्हाळाचा तो गोड, जरासा करपलेला वास. हंगाम सुरू झाला. मागच्या मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवून डोकं उठवलं. "ओ मावशी, पुलावरच मुक्काम करताय काय?" म्हणाला. तरी मी काही गाडी पुढं काढली नाही. ट्रॉल्या पार दिसेनाशा होईपर्यंत तिथंच कडेला थांबले.

या दिवसांत लोकांना काय काय आठवतं. काकवी आठवते, गरम गुळात घोळलेल्या शेंगा आठवतात, लहानपणी पळत्या ट्रॉलीतून ओढून काढलेला ऊस आठवतो. मलाही आठवायचं. आता मला गेल्या वर्षीचा हंगाम आठवतो आणि भीती वाटते. कशाची भीती म्हणाल, तर एका पुस्तकाची. हसा खुशाल. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

माझं कोल्हापुरात मंगळवार पेठेत ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, एक मशीन, एक टेबल आणि भिंतीला लटकवलेले अस्तराचे तुकडे. तीस वर्षं झाली. शिवणाशिवाय मला दुसरा एकच नाद, तो वाचायचा. आमच्या पेठेत एक छोटं वाचनालय आहे, ते शिंदे मास्तर बघतात. शाळेत होते तेव्हा संध्याकाळी यायचे, निवृत्त झाल्यापासून दिवसभर इथंच. ते आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं मूळ कव्हर काढतात आणि खाकी पुठ्ठ्याची बांधणी करून टाकतात. पुस्तक टिकतं, हे खरं. पण कपाट उघडलं की सगळी पुस्तकं एकसारखी, पोलीस भरतीला उभी राहिल्यागत.

आता अशा पुस्तकांतून आपण वाचलेलं कुठलं आणि न वाचलेलं कुठलं, हे कळायचं कसं? त्याला आमच्याकडे एक तोड आहे. प्रत्येक वाचणारीची आपली एक खूण असते आणि आपलं एक पान असतं. पुस्तक वाचून झालं की त्या पानावर पेन्सिलनं खूण करायची. कोपऱ्यावरच्या कुलकर्णी आजी एक्कावन्नाव्या पानाच्या आकड्याभोवती गोल करायच्या. बँकेतली एक बाई पंधराव्या पानावर बारीक फुली मारते. म्हणजे पुस्तक बदलायला नवरा गेला, सून गेली, तरी तेवढं पान उघडून बघायचं. खूण दिसली की परत ठेवायचं आणि दुसरं आणायचं. माझं पान छत्तीस. पहिला ब्लाऊज शिवला तो छत्तीसच्या मापाचा होता, म्हणून. आणि माझी खूण म्हणजे तीन बारीक रेघा एकापुढं एक, धावदोरा घातल्यासारख्या. मास्तर चिडायचे, पुस्तकं खराब करता म्हणायचे. पण वरवरचंच, कारण त्यांनाही सगळ्यांच्या खुणा पाठ होत्या.

आता ज्या पुस्तकाची भीती बसली, त्याच्या लेखकाचं सांगते. नाव सांगत नाही, कारण माणूस आहे अजून, आणि मला त्यांची बदनामी करायची नाही. वाचणाऱ्या बाईचा एक लेखक असतो, तसा हा माझा. एरवी मी त्यांना मनातल्या मनात अरेतुरेच करत आले. नवऱ्याला अहो म्हणते आणि त्याला अरे, आता काय सांगायचं!

त्याची पहिली कादंबरी वाचली तेव्हा मी बावीस वर्षांची, लग्न होऊन मलकापूरहून नुकती कोल्हापुरात आलेली. त्या कादंबरीत एक धाकटी जाऊ आहे. सासरी आल्यावर ती महिनाभर पोटभर जेवत नाही. कुणी उपाशी ठेवलेलं नसतं, तिला स्वतःहून दुसरी भाकरी घ्यायची लाज वाटते एवढंच. मी ते पान वाचलं आणि मशीनवर हात ठेवून घळाघळा रडले. माझंच होतं की ते! सासूबाई समोर बसून "घे की गं" म्हणायच्या आणि मी "झालं" म्हणून उठायची. हे या माणसाला कसं कळलं? पुरुष असून? त्या दिवशी एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात इस्त्री, असं करून मी एका गिऱ्हाइकाचा रेशमी ब्लाऊज पाठीवर जाळला. सासूबाईंनी उद्धार केला माझा. पण त्या रात्री मी दुसरी भाकरी मागून घेतली.

तेव्हापासून त्याचं प्रत्येक पुस्तक मी मास्तरांकडून पहिल्यांदा नेलं. मास्तरही राखून ठेवायचे. "शैलाताई, तुमच्या माणसाचं आलंय बघा नवीन," असं दारातूनच ओरडायचे. आणि मी कामं टाकून जायची.

मग ते हळूहळू कमी होत गेलं. कधीपासून, ते नेमकं सांगता यायचं नाही. माणसं आधी जेवायची, भांडायची, एकमेकांच्या घरची उष्टी काढायची. नंतरच्या पुस्तकांतली माणसं नुसती खिडकीशी उभी राहून विचार करायला लागली. पेपरात यायचं, 'चिंतनशील', 'प्रगल्भ'. मी आपली चार पानं वाचायची आणि जांभई द्यायची. पूर्वी मी त्याचं पुस्तक संपू नये म्हणून पुरवून पुरवून वाचायची. आता संपावं म्हणून पानं मोजायला लागले. तरी सोडलं नाही. नातं होतं ना. म्हाताऱ्या मामाकडं दिवाळीला जावंच लागतं, तसं मी ती पुस्तकं नेत राहिले, वाचत राहिले, खूण करून परत देत राहिले.

गेल्या वर्षी असेच ट्रॉल्यांचे दिवस होते. लग्नसराईची शिलाई अजून अंगावर यायची होती, म्हणून दुपार मोकळी मिळायची. मास्तरांच्या कपाटातून मी त्याची शेवटची कादंबरी काढली. बरेच दिवस आलेली आहे, आपली वाचायची राहिली, असं मनात आलं. छत्तिसावं पान बघायचा प्रश्नच नव्हता. त्याचं वाचलेलं मला कळणार नाही होय? जेवण झालं, दारात उन्हाला पाय सोडून बसले आणि वाचायला लागले. नेहमीसारखा कंटाळा. गोदाक्का म्हणून एक मावशी आहे, तिचा भाचा आहे, तो नदीवर जाऊन विचार करतो. पान उलटलं, अजून एक उलटलं.

छत्तिसाव्या पानावर माझे तीन टाके होते.

मी आधी म्हटलं, दुसऱ्या कुणाची खूण असेल. पण शेवटची रेघ जराशी वर जाते माझी, तशीच होती. मी पस्तिसावं पान पुन्हा वाचलं, चौतिसावं वाचलं. काही म्हणजे काही आठवेना. शेवटचं प्रकरण उघडून बघितलं, तेही नवीनच वाटलं. हे पुस्तक मी वाचलंय आणि मला त्यातला एक शब्द आठवत नाही.  तशीच चपला घालून वाचनालयात गेले आणि मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, हे मी नेलं होतं का हो आधी?

मास्तरांनी वही काढली, बोट फिरवलं. "व्हय की. आषाढात नेलतं तुम्ही. आठ दिवसांत परत बी केलतं. का वो?"

"काही नाही," म्हटलं. "तारीख बघायची होती."

आषाढ म्हणजे जेमतेम पाच महिने.

एखादं पुस्तक विसरलं तर त्यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. तुमची आई माझ्या आईसारखी गेली नसेल. माझ्या आईचं जे सुरू झालं ते कंटाळ्यापासून सुरू झालं. मलकापूरच्या घरी ती रोज संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका बघायची. सगळी कामं आवरून, पदर खोचून, त्या सुनेला शिव्या घालत बघायची. एकदा मी गेले तर टीव्ही बंद. का गं? तर म्हणाली, "कंटाळा येतोय बाई आताशा. काय दम न्हाय त्यात." आम्ही म्हटलं, बरं झालं, नाद सुटला. मग भजनाला जायचा कंटाळा यायला लागला. मग विणायचा. किती दिवसांनी कळलं की तिला मालिकेतली माणसं ओळखू येत नव्हती. काल काय झालं ते आज लक्षात राहत नव्हतं, म्हणून तिला त्यात दम वाटत नव्हता. आणि ते कुणाला सांगायचं नाही म्हणून कंटाळा.

घरात हे सगळ्यात आधी मला कळलं होतं. एकदा तिनं पोह्यांसाठी कांदा चिरला, बाजूला ठेवला, आणि परत दुसरा चिरायला घेतला. मी बघितलं आणि गप्प बसले. पुढच्या खेपेला ती माझ्याशी बोलता बोलताच मला म्हणाली, "शैला आली न्हाय अजून." तरी मी गप्प. भावाला सांगितलं नाही, वहिनीला सांगितलं नाही. बोललं की ते खरं होईल, अशी काहीतरी अडाणी भीती. वर्ष घालवलं मी. डॉक्टर नंतर म्हणाले, "आधी कळलं असतं तर घरच्यांना तयारीला वेळ मिळाला असता." तेवढंच म्हणाले, पण ते माझ्या उरावर बसलं ते बसलंच. आई जाऊन तीन वर्षं झाली. शेवटी ती मला "पावणं, बसा" म्हणायची.

तर मी त्या दुपारी वाचनालयातून परत येऊन दारात बसले होते आणि मला आईचा आवाज ऐकू येत होता, काय दम न्हाय त्यात. गेली चार पुस्तकं मीही तेच म्हणत होते की. लेखक उतरला, लेखक थकला, असं सगळ्यांना सांगत होते. आणि उतरती माझ्याच डोक्याला लागली असली तर?

त्यानंतरचे पंधरा दिवस काढले ते माझं मला माहीत. मी स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. मला गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असतात, वही नावाला. बाई दारात आली की उंची, छाती, बाही, गळा डोळ्यांपुढं येतात. ते मी आता वहीत बघून ताडायला लागले. एकीचं माप मी साडेपाच बाही म्हटलं आणि वहीत सहा निघालं. झालं! दिवसभर हात चालेना. आठवलं ते दुसऱ्या दिवशी, तिनंच मागच्या खेपेला बाही आखूड करायला सांगितली होती. तोवर जीव अर्धा झाला. भाजीत मीठ घातलं का, गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का. सगळं दोनदा बघायची. आणि दोनदा बघते म्हणजे विसरत असणार, म्हणून परत घाबरायची.

"आगं, काय झालंय तुला?" आमचे हे म्हणाले. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस, मशीनचा आवाज बदलला की लगेच ओळखतात. "जेवणात लक्ष न्हाय, बोलण्यात लक्ष न्हाय. कुणी काय बोललं का?"

"पित्त झालंय," म्हटलं. बघा, मीही आईसारखंच करत होते.

डॉक्टरकडं जायचं मनात यायचं आणि जायचं धाडस व्हायचं नाही. त्याऐवजी मी एक शहाणपणा केला. त्याची ती पहिली कादंबरी आणली, धाकट्या जावेची. म्हटलं, ही तरी आठवते का बघू. अहो, काय सांगू! पान उलटायच्या आधी पुढचं वाक्य तोंडात यायचं. कुठल्या पानावर चहा सांडतो, कुठल्या पानावर थोरली जाऊ हसते, सगळं. मला इतका आनंद झाला की मी उठून आरशात बघून आले. आणि आरशातच आठवलं की आईलाही तिच्या लग्नातल्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं होतं ते शेवटपर्यंत आठवत होतं. जुनं सगळं पक्कं होतं तिचं. गेलं ते कालचं.

मग मी ठरवलं की ती नवीन कादंबरी शाळेतल्या पोरीसारखी वाचायची. टेबलावर बसून, हातात पेन्सिल घेऊन, कागदावर लिहीत. कोण कुणाचं कोण, कुठल्या पानावर काय. जन्मात अशी कादंबरी वाचली नव्हती. चौथ्या प्रकरणात गोदाक्का मरते. चांगलं लिहिलंय ते, खोटं कशाला बोलू. तिला न्हाऊ घालतात, भाचा तिच्या पायांतली जोडवी काढतो. मी कागदावर लिहिलं, गोदाक्का वारली. नवव्या प्रकरणात भाचा शेतावरून घरी येतो आणि गोदाक्का त्याला चहा करून देते. साखर जास्त पडली म्हणून हसते.

मी ते पान परत वाचलं. आठवण असेल, स्वप्न असेल, म्हणून मागची पुढची पानं पाहिली. तसं काही नाही. ती चहा देते, कप विसळते आणि देवळात जाते. पुढे दोन प्रकरणं ती घरात वावरते. मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं. चौथ्या प्रकरणात दुसरीच कुणी मेली असणार आणि माझ्या डोक्यात घोळ झाला. आता हे कुणाकडून तपासून घ्यायचं? मास्तरांकडं गेले तर पेठभर होईल.

रविवार होता. हे दारात पेपर वाचत बसले होते. ह्यांनी आयुष्यात एक कादंबरी वाचलेली नाही. पेपरही मागच्या पानावरच्या कुस्त्यांपासून पुढं वाचतात. मी पुस्तक हातात दिलं आणि म्हटलं, यातलं चौथं प्रकरण वाचा आणि नववं वाचा.

"आणि मधली कुणी वाचायची?"

"ती नसली तरी चालतंय."

"मग छापली कशाला?" म्हणाले. पण माझं तोंड बघून चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायला लागले. मी आत जाऊन शिवायला बसले आणि एकही टाका घातला नाही. तासाभरानं बाहेरून आवाज आला.

"आगं ए! ही बाई मघाशी मेलीती की!"

मी दारात आले.

"मेलीती का? नक्की?"

"नक्की म्हंजे? जोडवी काढली की तिची! आणि हितं च्या करायला लागलीया. कुणी लिवलंय हे? लिवताना झोपलाता का काय?"

मी मटकन उंबऱ्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. हे घाबरून पाणी घेऊन आले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, टाके, आई, बाह्यांची मापं, सगळं. सगळं ऐकून म्हणाले, "खुळी का काय तू! अशी भिकार गोष्ट कुणाच्या ध्यानात राहील? तुझं डोस्कं ठणठणीत हाय." तरी दुसऱ्याच आठवड्यात मला राजारामपुरीत डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. काही नाही म्हणाले. त्या दिवशी आम्ही येताना मिसळ खाल्ली आणि मी वर तिखटजाळ कट मागून घेतला.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी काजं करता करता सुई हातातच राहिली. माझं डोकं ठणठणीत आहे, म्हणजे मग त्यांचं?

इथं मी अरेतुरे सोडलं. ज्यांनी धाकट्या जावेची न घेतलेली दुसरी भाकरी लक्षात ठेवली होती, ते स्वतःच मारलेली मावशी विसरले होते. मग मागची तिन्ही पुस्तकं आठवून बघितली, आठवतील तेवढी. ती खिडकीशी उभी राहणारी माणसं. तेच तेच विचार फिरून फिरून. आपण म्हणत होतो, चिंतनशील. आईसुद्धा शेवटी शेवटी खिडकीशी तासन्‌तास उभी राहायची. कुणी विचारलं तर "इच्चार करतोय" म्हणायची.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती. आषाढात मी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं, खूण केली होती. तेव्हा मला गोदाक्काचा चहा दिसला नव्हता. दिसणार कसा? मी पानं उलटत होते. ते बिचारे तिथं पानावर वाट चुकलेले, आणि मी, त्यांची तीस वर्षांची वाचक, जांभई देऊन पुढं गेले. आई तीच तीच गोष्ट सांगायला लागली की आम्ही भाजी निवडत "हं, हं" म्हणायचो, तसं. छापणाऱ्यांनीही "हं" म्हटलं असेल. पेपरात लिहिणाऱ्यांनीही.

जानेवारीत आमच्याकडे व्याख्यानमाला असते. पत्रिकेत त्यांचं नाव दिसलं तेव्हा मला धडकीच भरली. तीस वर्षं मी त्यांना बघायची स्वप्नं बघितली होती आणि आता जाऊ नये असं वाटत होतं. तरी गेले. पिशवीत वाचनालयातलं ते पुस्तक घेतलं. कशाला घेतलं, ते तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. हे मला सोडून भडंग घ्यायला बाहेर थांबले.

उंच, शिडशिडीत माणूस. पांढरे केस, तपकिरी स्वेटर, आवाज खणखणीत. बोलायला लागले आणि सभागृह गप्प झालं. त्यांनी वडिलांच्या छत्रीचा किस्सा सांगितला, एसटी स्टँडवर ती कशी बदलली गेली आणि वडील आयुष्यभर दुसऱ्याची छत्री किती जपून वापरत राहिले. लोक पोट धरून हसले. मीही हसले, म्हटलं, आहे की सगळं शाबूत! मग साहित्यावर काही बोलले, समाजावर बोलले, आणि पंधरा मिनिटांनी म्हणाले, "आमच्या वडिलांची एक छत्री होती." तोच किस्सा. तीच वाक्यं, त्याच जागी थांबणं. सभागृह एक क्षण चाचरलं आणि पुन्हा हसलं. माझ्या शेजारचे गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "मोठी माणसं ठसवायला दोनदा सांगत्यात."

पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मला त्यांची बाजू दिसत होती. ते बोलत होते आणि बाईंचे ओठ हलत होते, पुढचा शब्द आधीच तयार ठेवल्यासारखे. लग्नाकार्यात आई कुणाशी बोलायला लागली की मी असंच करायची. 

भाषण संपलं. सह्या घ्यायला त्यांच्याभोवती गर्दी झाली, कुणी शाल नीट करतंय, कुणी फोटो काढतंय. बाई एकट्याच खुर्च्यांच्या कडेला उभ्या होत्या, स्वतःची पर्स आणि नवऱ्याला मिळालेला नारळ सांभाळत. मी दोनदा गेले आणि दोनदा मागं फिरले. माझी योग्यता काय! ब्लाऊज शिवणारी बाई मी, आणि जाऊन काय सांगणार, तुमच्या नवऱ्याच्या डोक्याचं बघा? भर सभागृहात मला हाकलून दिलं असतं तर बरोबरच होतं. पण कांद्याच्या वेळी मी गप्प बसले होते. ते वर्ष परत मिळणार नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "मी त्यांची सगळी पुस्तकं वाचलीत."

त्या ठेवणीतलं हसल्या. "अरे वा."

"रागावू नका. या नव्या पुस्तकात गोदाक्का चौथ्या प्रकरणात जाते. आणि नवव्यात चहा करते. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. मला कळलं होतं आणि मी कुणाला बोलले नाही. म्हणून आले."

त्यांचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मला वाटलं, आता बोलणार काहीतरी. त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं.

"कुठल्या पानावर?"

मी पिशवीतून पुस्तक काढून पान उघडून दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग चौथं प्रकरण मागितलं, तेही वाचलं. मागं मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते, त्याचा खडखडाट चालला होता.

"घरात मला दिसत होतं," त्या हळू म्हणाल्या. "किल्ल्या, नावं, औषधं. पण मी म्हणायची, लिहितात ना अजून! लिहिणाऱ्या माणसाला काय होतंय?" त्यांनी पुस्तक मिटलं आणि छातीशी धरलं. "हे मी वाचलेलं नाही हो. हे नाही आणि याच्या आधीची तीनही नाहीत. पूर्वी लिहिलेला प्रत्येक कागद पहिला माझ्या हातात यायचा. मी खोडायची, भांडायची. मग मला रसच राहिला नाही. ते वाचायला द्यायचे आणि मी चार दिवसांनी म्हणायची, छान झालंय."

  त्या शेवटच्या उरलेल्या खुर्चीवर बसल्या, पर्समधून चष्मा काढला आणि पुस्तक पहिल्यापासून उघडलं. तिथंच, त्या गोंधळात, ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या.

गर्दी पांगली तसे ते आमच्याकडं आले. खांद्यावरची शाल घसरत होती. त्यांनी माझ्याकडं बघून मान लववली आणि बाईंना विचारलं, "काय वाचतेस?"

"तुमचंच आहे," बाई म्हणाल्या.

ते वाकले. खाकी पुठ्ठा उलटून बघितला, आतलं पान बघितलं, त्यावरचं आपलं नाव सावकाश वाचलं.

"बरं आहे का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी वर बघितलं. मग शेजारी हात करून त्यांना बसायला खूण केली, पण तिथं खुर्चीच नव्हती; त्याच उठल्या आणि त्यांना बसवलं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आत्ताशी पहिल्या पानावर आहे."